बिडीचा आळ

पडवीतून खोकला ऐकू आला आणि यशोधराचे कणकेतले हात तिथेच थांबले. तोच खोकला... कोरडा, खोल, शेवटी शिट्टीसारखा ओढला जाणारा. नवऱ्याला, अश्वजीतला जाऊन दोन वर्षं झाली, तरी भिंतीपलीकडून तो तिला कधीकधी ऐकू यायचा आणि अर्धवट झोपेत ती पाण्याचा गिलास घेऊन उठायची. पण ही भर दुपार होती, आणि दारात तिचे भासरे, अश्वजीतचे थोरले भाऊ डोमाजी उभे होते.

"माय आहे का घरी?" त्यांनी तिच्याकडे न पाहताच विचारलं.

अश्वजीतच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाला, भरल्या मांडवात, हेच डोमाजी म्हणाले होते, "बिडीनं खाल्लं माझ्या भावाले. बायकोनं मनावर घेतलं असतं तर सुटली असती." सासूनंही, चंपाबाईंनीही, मान हलवली होती. यशोधरा गप्प राहिली होती. अश्वजीतनं जन्मात बिडीला हात लावला नव्हता. गोहलपूरच्या कारखान्यात नळांना चमक चढवणाऱ्या क्रोमच्या हौदावर वाकून त्यानं वर्षानुवर्षं वाफ गिळली होती. नाकातून रक्त यायचं, बोटांच्या जखमा भरत नसत. डॉक्टरांनी दोघांना स्पष्टच सांगितलं होतं, कॅन्सर त्या वाफेचा. पण त्या हौदावर त्याला हात धरून नेलं होतं डोमाजींनीच. "दादाले सांगू नको," अखेरच्या दिवसांत अश्वजीतनं तिला शपथ घातली होती, "चोरून बिडी ओढत होता म्हण. नाहीतर तो जगणार नाही..." आणि तो आळ तिनं मुकाट उराशी धरला होता.

डोमाजी पुन्हा खोकले. रुमाल मुठीत दडपला, तरी लाल डाग तिला दिसलाच.

"भाऊजी, कवापासून खोकून राहिले?"

"काही नाही. हौदाच्या वाफेनं होते तसं."

तिला वाटलं, अश्वजीत दाराआडून विनवतो आहे, बोलू नको... मनातच तिनं त्याची क्षमा मागितली.

"तुमच्या भावानं कधीच बिडी ओढली नाही, भाऊजी. त्या हौदानंच खाल्लं त्यायले. तुम्हाले दुःख होऊ नये म्हणून ते खोटं बोलले, मी बी बोलली. आता तुम्ही त्याच वाफेत उभे, मी काहून गप्प राहू?"

डोमाजी भिंत धरून खाली बसले. "मीच नेलं होतं त्याले... मालकाले म्हटलं होतं, मेरे भाई को भी रख लो." मग म्हणाले, "आणि मांडवात मी तुले..."

चंपाबाई आतून सारं ऐकत होत्या. त्या आल्या आणि त्यांनी सुनेला कवटाळलं.

"तवा ती वाफ अशी जीव घेते हे कोणालेच ठाऊक नव्हतं, भाऊजी," यशोधरा म्हणाली. "चलो, आधी दवाखान्यात."

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरनं एक्स-रे उजेडाकडे धरला. मग हळूच विचारलं, "बीड़ी पीते हो?"

डोमाजींनी मागे उभ्या असलेल्या यशोधराकडे पाहिलं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"नहीं साहब. क्रोम की टंकी पे काम करता हूँ. मेरा छोटा भाई भी वहीं था. उसने भी कभी नहीं पी."