पहिल्या रांगेतली लाल रेनकोटवाली

त्याचं हेल्मेट मावशीच्या तोंडात होतं आणि ती ते सोडायला तयार नव्हती.

मावशी म्हणजे माझी सख्खी नव्हे. आमच्या सागरी पार्कातली सगळ्यात वयस्क सी लायन. तिचं खाणं, औषधपाणी, नखरे... सगळं माझ्याकडे. तिच्या तलावावरूनच नव्या रोलर कोस्टरचा पोलादी रूळ गेलेला. तिथं काम करणाऱ्या इंजिनिअरचं हेल्मेट वाऱ्यानं उडालं, ते थेट पाण्यात!

"अहो, ते... माझं आहे," कठड्यापलीकडून तो म्हणाला. केस विस्कटलेले, गालावर ग्रीसचा पट्टा.

"मला काय सांगता? तिला सांगा."

"मावशी, प्लीज." त्यानं चक्क हात जोडले.

मावशीनं एक मासा वसूल केला आणि मगच हेल्मेट परत दिलं. तो हसला – आणि मी हातातली बादली माझ्याच पायावर ठेवली.

मग तो रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या पायरीवर येऊन बसू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. पण बोलायचा काय? तिच्याबद्दल!

"आज ती दुसऱ्या वळणावर कुरकुरली. सकाळच्या गारव्यात रुसते जरा. ऊन आलं की बघ कशी सुटते!"

ती म्हणजे कोस्टर. लोखंडाच्या सांगाड्यावर जळणारी मुलगी जगात मी एकटीच असेन. पण जळत होते, हे खरं. माझे नवे कानातले त्याला समोर बसून दिसत नव्हते, आणि तिचा एक बोल्ट सैल झाला तर लांबून ऐकू यायचा.

"तू बसशील ना? पहिल्या रांगेत?" एकदा त्यानं विचारलं.

"मी? भीतीनं मरेन तिथेच."

त्यावर तो रुळाचं एकेक वळण निरखत बसला. उद्घाटन जवळ आलं होतं. ते झालं की कंपनी त्याला पुढच्या पार्कात पाठवणार होती. जायच्या आधी हा काही बोलणार आहे की नाही, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं. आणि हा? मावशी वजनकाट्यावर चढेना, म्हणून मी आधी चढून दाखवलं, तर हा मागे उभा राहून आकडा वाचतोय!

"लाज नाही वाटत?"

"कामाचं आहे," असं म्हणत तो लालबुंद कानांनी पळाला.

मग कोस्टरच्या गाडीच्या चाचण्या सुरू झाल्या. माणसांऐवजी पाणी भरलेले निळे प्लास्टिकचे पुतळे बसवून गाडी सोडतात, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मासे चिरता चिरता मी फलाटाकडे पाहिलं... आणि सुरी थांबली. पहिल्या रांगेत, त्या निळ्या गर्दीत, लाल रेनकोट घातलेली कुणीतरी! टोपी पुढे ओढलेली. हा वाकून तिच्या मांडीवरचा सेफ्टी बार बसवत होता... किती हळुवार! मग त्यानं तिची टोपी सारखी केली. वर खांद्यावर थोपटलं.

दुसऱ्या दिवशीही तीच. नंतर रोज तीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी तो आला.

"जेवलात?" मी विचारलं.

तो थबकला. "'जेवलात'? काय झालं?"

"काही नाही. तुम्ही मोठी माणसं. मैत्रिणींना पहिल्या रांगेत बसवता."

"कोण मैत्रीण?"

"लाल रेनकोटवाली. किती गुणी आहे हो! ओरडत नाही, किंचाळत नाही. शोभते तुम्हाला."

तो असा खो खो हसला की मावशी पाण्याबाहेर आली.

"चल," म्हणत त्यानं माझा हात धरला. पहिल्यांदाच. मी सोडवून घेतला नाही. राग होता, पण इतकाही नव्हता.

ती फलाटावरच बसली होती. मी टोपी मागे सारली... चेहराच नव्हता. निळं प्लास्टिक आणि मानेशी एक झाकण.

"बाकी सगळे एका मापाचे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हिच्यात तुझ्या वजनाइतकं पाणी आहे. हिला कुणी चुकून मागच्या रांगेत बसवू नये, म्हणून रेनकोट. तुला भीती वाटते म्हणालीस ना... मग आधी बघायचं होतं, प्रत्येक वळणावर... तुला काही होणार नाही ना."

इतके दिवस मी माझ्यावरच जळत होते! डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

"आणि उद्घाटनानंतर?"

"देखभालीला एकजण इथे थांबणार आहे. मी... माझं नाव दिलंय."

"हिच्यासाठी?" मी रुळाकडे बोट दाखवलं.

"हिला काय, कुणीही तेल घालेल –" तो अडखळला. "तुझ्यासाठी. तू मला आवडतेस. खूप."

"मलाही तू... केव्हापासून! आणि पुन्हा 'तुम्ही' म्हणायची वेळ आणू नकोस."

कर्मचाऱ्यांच्या पहिल्या फेरीला त्यानं त्या पुतळ्यातलं पाणी ओतून टाकलं आणि रेनकोट मला घातला. सेफ्टी बार ओढून बघितला, पुन्हा बघितला, मग शेजारी बसूनही बघितला. मी घसा बसेपर्यंत किंचाळले. त्याचा हात मात्र सोडला नाही.

खाली उतरून त्यानं हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं आणि आम्ही तसेच, हातात हात घालून, तलावाशी आलो. मावशीनं माझा ग्रीसचा वास येणारा हात हुंगला. त्याच्याकडे पाहिलं. आमच्या हातांकडे पाहिलं. आणि मासा न घेताच आमच्याकडे पाठ फिरवून बसली.

त्यानं निमूटपणे डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि पाण्यात टाकलं.