गळा टाचलेली बनियन

साल असेल चौऱ्याहत्तर. लोणारच्या बाजारात बनियनींचा गठ्ठा एकच, आणि ओढणारे हात दोन! एक हात रुख्मिणीचा, रामराव माळ्याच्या लेकीचा. दुसरा कोणाचा म्हणून तिनं वर पाहिलं... आणि पाहतच राहिली. पोरगा काडीसारखा बारीक, पण डोळे भारी हसरे.

"पाचही तुम्हालेच पाहिजे? घरी पैलवान पाळले का?"

"नाही हो. यांच्यावर 'हुंडा बंद' लिहायचं, अन् घालून बाजारभर फिराचं. भिंतीवर लिहिलं तं लोक चुना मारतात. अंगावर कोण मारीन?"

"रंगानं लिहाल तं दोन धुण्यात जाईन. लाल कापडाची अक्षरं शिवा लागते."

"तुले येते?"

"मशीन काय पूजेले ठेवली घरी?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा, कडूबा, तिच्या ओसरीवर हजर. तो अक्षरं कापायचा, ती शिवायची. बनियनीचं कापड ताणतं, म्हणून खाली जुना पेपर धरायचा, वरून शिलाई मारायची, मग पेपर फाडून काढायचा. फाडताना बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही उगाच रामरावांच्या मळ्याकडे बघायची.

सगळं गोडीगुलाबीचं चाललं असतं, पण त्याच्या दर दोन वाक्यांमागे एक विमलबाई! जळगाव जामोदची मास्तरीण. विमलबाई सभेत भाषण असं करतात, विमलबाई कोणाले भीत नाहीत... रुख्मिणीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. तरी मनात शंभरदा तिचं तोंड रंगवलं होतं, आणि दरवेळी नाक थोडं वाकडं काढलं होतं.

शेवटच्या दिवशी कडूबानं एक बनियन पुढं सरकवली. चार मोठ्या, ही एकच लहान.

"ही जरा मन लावून शीव हं."

रुख्मिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहान माप आणखी कोणाचं असणार? नाजूक असेल मेली! तो गेल्यावर तिनं दात-ओठ खात त्या बनियनीचा गळा दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं टाचला. "घाल म्हणा आता!"

बाजाराच्या दिवशी एसटीतून विमलबाई उतरल्या. उंचपुऱ्या, दणकट, नाक अगदी सरळ. त्यांनी सगळ्यात मोठी बनियन उचलली, पोलक्यावरून चढवली, वर पदर घेतला आणि घोषणा सुरू केल्या. रुख्मिणीनं उरलेल्या बनियनींकडे पाहिलं. मग लहानी कोणाची?

लहानी कडूबानं डोक्यावरून घातली होती. डोकं काही बाहेर येईना! दोन्ही हात वर, आत नुसती धडपड. अवघा बाजार हसायला लागला.

"लग्नाआधीच अडकला बे!" कोणीतरी ओरडलं.

रुख्मिणी शिंप्याच्या दुकानातली कात्री हिसकून धावली. टाके कापले. घामाघूम तोंड वर आलं, तिच्या तोंडापासून वीतभर.

"कोणाची समजून टाचली?" कडूबानं हळूच विचारलं.

"...त्या विमलबाईची."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? ओसरी माही, मशीन माही, अन् तोंडात नाव तिचं! जळते मी. लई जळते. तुमच्यावर जीव जडला माहा, झालं समाधान?"

कडूबा कानापर्यंत लाल झाला.

"तू समोर असली का मले काही सुचत नाही, रुख्मिणी. मंग सभेच्याच गोष्टी करतो... अन् सभेत तं बोलतात त्याच." त्यानं अंगातल्या बनियनीनंच तोंडावरचा घाम पुसला. "उद्या माह्या बाले तुह्या घरी धाडू? हातात नारळ राहीन. दुसरं काही द्या-घ्याचं नाही."

रुख्मिणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिकडे विमलबाईंच्या घोषणांनी बाजार दणाणत होता. तिनं एकदा तिकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"धाडा," ती म्हणाली. "पण लग्नात भाषण ठेवाल, तं याद राखा!"