थडग्याचा घोडा शोकेसमध्ये

खरं बोलून विरुपाक्षला काहीच मिळणार नव्हतं. गप्प राहिला असता, तर वर्षभर धूळ खाणारा घोडा खपला असता, आणि घोड्याच्या पाठीवरून बोट फिरवणारी ती मुलगी खूश होऊन पुन्हा आली असती. खरं बोललं की दोन्ही जाणार.

मे महिन्यातली दुपार. पेठेतल्या त्याच्या शोभेच्या वस्तूंच्या दुकानात इंद्रायणी शिरली होती ती नुसती सावलीसाठी. एरवी कुणीही बाई आली की ‘या ताई’ म्हणणारा विरुपाक्ष तिला फक्त ‘या’ म्हणाला. धंद्यातला माणूस, नातं घाईनं जोडत नाही.

“हा केवढ्याला?” तिनं विचारलं. मातीचा घोडा, चकचकीत झिलईचा. मधासारखा पिवळा, त्यावर ओघळलेला हिरवा, मध्येच सायीसारखा पांढरा.

“कशाला पाहिजे?”

“गिऱ्हाइकाला असं विचारतात? रविवारी पुण्याचा मुलगा येतोय मला बघायला. मावशी म्हणते, शोकेस रिकामी दिसते.”

विरुपाक्षनं घोडा जरा मागं सरकवला. “मग हा नका नेऊ. चीनमध्ये असले घोडे थडग्यात ठेवायचे… तेराशे वर्षांमागं. मेलेल्याला पुढच्या वाटेला घोडा, उंट, नोकरचाकर — सगळं मातीचं. ही त्याचीच नक्कल हाय.”

“म्हणजे त्यांच्यात मेल्यावर घोडा, आपल्यात लग्नात घोडा. फरक काय?”

तो हसला. तीही.

“आणि हा हिरवा असा ओघळलाय कसा?”

“भट्टीत झिलई वितळते की. कुठं थांबेल, करणाऱ्यालाबी सांगता येत न्हाय.”

“तुम्हाला तरी कुठं थांबता येतंय… मघापासून बघताय ते?”

विरुपाक्षचे कान लाल झाले.

“थडग्यातलाच ना, नक्की?” ती म्हणाली. “मग हाच द्या बांधून.”

रविवारी पोहे खाताखाता मुलाच्या आईनं घोड्याचं कौतुक केलं. इंद्रायणीनं थडग्यासकट सगळी माहिती दिली, अगदी मनापासून. चहा यायच्या आत मंडळी उठली.

जुलै सरेपर्यंत ती दुकानात येत राहिली. विकत काही घेत नव्हती. चहा मात्र विरुपाक्ष मागवत होता. धंदा तोट्यात, मालक खुशीत.

“पुण्याचं स्थळ मी घालवलं,” ती एकदा म्हणाली. “फायदा कुणाचा झाला?”

“माझा…?”

“मला काय विचारता? झाला नसेल तर सांगा — पुण्याला फोन करते.”

“फोन नको!” तो घाईनं म्हणाला. “आईला पाठवतो.”

मैंदर्गीहून त्याची आई, ईरम्मा, आली. आता सगळं मालतीमावशीवर होतं. आई गेल्यावर इंद्रायणीला तिनंच वाढवलं होतं. तिला दुखवून पोरगी कुठंच जाणार नव्हती. आणि मावशी तर घोड्यावर अजून धुमसत होती.

“तुम्ही लिंगायत,” मावशीनं सरळ विषयाला हात घातला. “रीत वेगळी. तुमच्यात म्हणे… पुरतात?”

इंद्रायणीनं पोह्यांचा ट्रे तसाच हातात धरला. विरुपाक्ष पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

“व्हय की,” ईरम्मा शोकेसकडं बघत म्हणाली. “मांडी घालून बसवतात मातीत. बसून बसून लई कंटाळा येत असंल बघा. असला घोडा संगं दिला तर बरंच हाय. अय्यो, पर मला कुटं बसता येतंय घोड्यावर!”

मावशीनं तोंडाला पदर लावला. पदराआडून आधी खोकला आला, मग हसू, मग डोळ्यांतून पाणीच. “इंद्रायणी, बघत काय उभी राहिलीस? विहीणबाईंना पोहे दे!” विरुपाक्षनं मान वर केली तेव्हा इंद्रायणी त्याच्याकडेच बघत होती, आणि ट्रेमधल्या बश्या किणकिणत होत्या.

आता कुणी किती मोजलं, तो हिशोब. पुण्याच्या मंडळींचं पेट्रोल गेलं, विरुपाक्षचे चहा गेले. किरकोळ. खरी किंमत मालतीमावशीनं मोजली. रोज सकाळी चहातल्या साखरेवरून भांडायला घरात जे एकच माणूस होतं, ते तिनं हसत हसत देऊन टाकलं.