पावणेदोन किलो जिलेबी

"जन्माच्या वेळी वजन किती होतं तुमचं?"

नगरच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या त्या तरुणाने मान वर केली... आणि पोट धरून उभी असतानाही मी चक्क लाजले. छातीवर नाव होतं, गोरक्ष.

"आत्ताचं विचारा की! तेवढं तरी खोटं सांगता येईल."

तो हसला. मी गावी, काष्टीला, आईला फोन लावला. "तीन किलो," ती घाईघाईने म्हणाली.

दर महिन्याला पाळीत ते दुखणं मला लोळवायचं. तपासण्यांत चार महिने गेले. प्रत्येक खेपेला गोरक्ष चहा आणायचा.

"राजनंदिनी, बरी झालीस की येणार नाहीस ना इकडे?"

"चहा चांगला असला तर येईन..."

मग पोटात दुर्बीण घालून तपासलं. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढलं होतं.

"मूल होईल?" मी विचारलं.

"बऱ्याच जणींना होतं. काहींना अडचण येते," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी त्या 'काहींना'वरच अडकले.

तेवढ्यात शेजारी बसलेली आई रडू लागली. "मी खोटं बोलले, बाई. पावनेदोन किलोची हुती ही. जगंल असं वाटलंच न्हाई, जिलेबीबी वाटली न्हाई आमी. नाजूक म्हनून स्थळं येनार न्हाईत, तवा समद्यांना तीनच सांगितलं. माज्यामुळं झालं का हे?"

"कमी वजनाने जन्मलेल्यांत हा आजार थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यास सांगतात. पण हिला त्यामुळेच झाला, असं कुणी म्हणू शकत नाही. आणि दोष तुमचा मुळीच नाही."

स्टँडवर सोडायला आलेल्या गोरक्षला मी सगळं सांगून टाकलं. पावणेदोन किलो, न वाटलेली जिलेबी, आणि... कदाचित मूल होणार नाही, तेही. एसटी आली.

आठ दिवस त्याचा फोन नाही. मोबाईल वाजला की छातीत धस्स व्हायचं, नाही वाजला की त्याहून जास्त. संपलं सगळं, असं मी धरूनच चालले.

काष्टीच्या बाजाराच्या दिवशी तो दारात उभा! हातात खोकं.

"आठ दिवस कुठं होतास?" मी त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"घरी भांडत होतो. आई लग्नाला तयार झाली. काका अजून रुसलेत." त्याने खोकं आईपुढे धरलं. "जिलेबी आहे, मावशी. बरोबर पावणेदोन किलो. वाटायची राहिली होती ना?"

आईने पदर तोंडाला लावला.

"आणि मूल... नाहीच झालं तर?" मी विचारलं.

"तर दरवर्षी हीच वाटू. तू जगलीस म्हणून."

भीती काही गेली नाही. पोटही दुखतच होतं. मी पहिली जिलेबी आईला भरवली, दुसरी त्याला.