‘कट’नंतरचे बाबा

तो माझ्या एडिटिंगच्या खोलीत आला तो चुकून. त्याने घेतलेली खोली शेजारची. पण आल्याआल्या हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवून तो आपल्या फिल्मची गोष्ट सांगत सुटला... एक बाप, एक मुलगा आणि एकाच घरात वर्षानुवर्षं धरलेला अबोला.

“तुमची खोली पलीकडची,” दहा मिनिटांनी मी म्हटलं.

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“गोष्ट रंगात आली होती ना!”

बिचारा कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी मात्र तो मुद्दाम चुकला आणि फिल्म माझ्याकडेच आली.

मुलाचं काम त्याच्या मित्राने केलं होतं. बाप मात्र खराखुरा त्याचाच – आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेला शिंपी. अभिनयाचा गंध नाही, पण काय चेहरा! शेवटच्या सीनमध्ये त्यांनी ‘माझं चुकलं’ म्हणायचं होतं. “असं कुठला बाप बोलतो?” म्हणून ते उठले ते थेट घरी गेले. तेव्हापासून या दोघांतही अबोला. फिल्मला शेवट नव्हता, आणि शुक्रवारी ती महोत्सवाला पाठवायची होती.

“‘कट’नंतरचं सगळं न बघता उडवा,” त्याने बजावलं होतं. पण मी पडले चोंबडी, सगळं बघते. ‘कट’ झालं की बाबा दर वेळी कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या लेकाकडे वळायचे. “जमलं ना रे?” “उन्हात उभा राहू नकोस.” “सकाळपासून काही खाल्लंस का?” आणि दर वेळी याचा आवाज यायचा, “बाबा, पुढचा शॉट.”

असे नऊ तुकडे मी जोडले आणि शेवटी लावले. बुधवारी दुपारी त्याला बोलावलं. तो मला आवडायला लागला होता, आणि हे बघून तो रागाने फिल्म उचलून निघून गेला असता तर मी काय केलं असतं?

त्याने बघितलं. पुन्हा बघितलं. मग फोन घेऊन गॅलरीत गेला. काचेतून मला त्याची फक्त पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने तो आत आला. डोळे ओले होते.

“सगळं ऐकून बाबा म्हणाले, हाच शेवट ठेव.”

“आणि?”

“आणि विचारलं, हे कुणी शोधलं? मी म्हटलं, एडिटर आहे एक. तर म्हणाले – नुसती एडिटर असेल, तर तुझा आवाज का कापतोय?”

“मग... काय सांगितलंत?”

“खरं ते. मला ती फार आवडते म्हटलं.” तो खाली बघत हसला. “तुला सांगायच्या आधी त्यांनाच सांगून बसलो. इतक्या वर्षांत त्यांना आपणहून सांगितलेली ही पहिलीच गोष्ट.”

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली, त्याचा हात हातात घेतला.

“पुन्हा लाव फोन,” मी म्हटलं. “माझं ‘हो’सुद्धा आधी त्यांनाच कळू दे.”