कातळवाडीच्या विहिरीतले मासे

सगुणा दारातच मटकन बसली. "सायेब, आज सांजच्याला वाडी माझ्या घोवाला पोलिसांकडे देणार. तोवर त्याला जिता ठेवला तर!"

रत्नागिरीत खासगी गुप्तहेर एकच, कस्टमची नोकरी सोडलेला शिवलकर. त्याच्याकडे स्कूटर नव्हती, ती बाबू नाचणकर या फोटो स्टुडिओवाल्याकडे होती. म्हणून बाबू त्याचा कायमचा सोबती. 

१९८३ सालचा वैशाख. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या कातळवाडीत पंधरा दिवस घरोघर ओकाऱ्या आणि चक्कर चालू होती. गोदूबाईचा दोन वर्षांचा लवू तर गेलाच. डॉक्टर म्हणाले, फवारणीचं विष पोटात गेलंय. आणि सगुणाचा नवरा धोंडू पावसच्या आंबा बागांत फवारणी करायचा! शेजारी फवारणीच्या औषधांचा कारखाना आला तेव्हा वाडीत एकटा तोच आडवा आला होता. तेव्हापासून भावकीशी बोलणं बंद. त्यात त्याच्या घरी कुणीच आजारी नाही.

"यात शोधायचं काय राहिलं?" किक मारता मारता बाबू पुटपुटला. शिवलकर मागच्या सीटवर बसला.

विहिरीवर रावजी काठी घेऊन पहाऱ्याला होता. "सगळी विहीर उपसली, सायेब. झऱ्यांनी नव्यानं भरली. रात्रंदिवस पहारा हाय. तरी काल दोघं पडली. करणीच म्हणायची!"

"मग हे पाणी पिता कशाला?"

"कातळावर दुसरं पाणी हाय कुठे? ही पण पंधरा दिसांपास्नं आटत चाललीय, घरोघर साठवून ठेवावं लागतं."

शिवलकर वाकून आत बघत राहिला. पाणी निवळ राहावं म्हणून वाडीने सोडलेले बोटभर मासे मजेत फिरत होते. "उपसताना हे कुठे होते?"

"घागरीत काढलेले. परत सोडले."

इथे माणसं मरताहेत आणि ह्याला मासे सुचताहेत! बाबूचं डोकंच फिरलं.

धोंडू घरात कोपऱ्यात बसला होता. कुणीतरी मारलेल्या दगडाने कपाळ फुटलं होतं. "इख टाकलं असतं तर माझी बायको त्याच विहिरीचं पाणी आणती का?"

सगुणाने माठातलं पाणी पुढे केलं. बाबूने भांडं तसंच खाली ठेवलं. शिवलकर मात्र घटाघटा प्याला.

"पाणी साठवायला पिंप नाही तुमच्याकडे? बाकी दारोदार हिरवी पिंपं दिसतात."

"कारखान्याचं फुकटचं ह्यांनी काय घेतलान नाय," सगुणा म्हणाली.

कारखान्याचा साहेब मोठा गोड बोलला. "वाडीसाठी आम्ही काय कमी केलं? शिमग्याला घरटी एक पिंप दिलं! रिकामी पिंपं टाकायला वसाहतीत जागा केलीय कुणी? आमचीही सोय झाली, त्यांचीही."

शेवटी वाडीचा प्रमुख, गावकर काशीराम. धोंडूविरुद्ध सगळ्यांत मोठा आवाज याचाच. ओसरीवर तांब्याचा हंडा, गोठ्यात हिरवं पिंप, आणि दावणीचा खुंटा रिकामा.

"घरी कुणी आजारी?"

"देवाची कृपा. म्हैस तेवढी गेली."

"पिंपाला रंग झकास लागलाय."

"वाडीतल्या सगळ्या पिंपांना मीच लावलाय. गंजतात मेली! त्या कामात मुलगापण होता. मुंबई सोडून आलाय, कारखान्यात कायम होणार."

संध्याकाळी देवळापुढे वाडी जमली. धोंडूचे हात बांधलेले होते. बाबूला वाटलं, आता काही खरं नाही.

"मासे जिवंत आहेत," शिवलकर म्हणाला. "फवारणीचं विष माशांना आधी मारतं. म्हणजे विहीर स्वच्छ आहे. म्हणूनच ती उपसून आणि पहारा बसवून काही फरक पडला नाही. पाणी तुमच्या घरात गेल्यावर नासतं. धोंडू माठातलं पितो, त्याचं घर बरं. काशीराम हंड्यातलं पितो, त्याचं घर बरं. त्याची म्हैस मात्र पिंपातलं प्यायली आणि मेली. बाकी तुम्ही सगळे पंधरा दिवस पिंपात साठवलेलंच पिता."

त्याने जवळच्या पिंपावर चाकू घासला. हिरव्या रंगाखालून कवटी आणि दोन हाडं, विषाची खूण, बाहेर आली.

"वाडीची पिंपं रंगवली काशीरामने. कवटी त्याने पाहिली होती. म्हणूनच त्याने आपलं पिंप घरात न ठेवता गोठ्यात ठेवलं."

काशीराम खाली बसला. "साहेब बोलले, लोक उगाच घाबरतात, वरून रंग मार. दोनदा धुतलं की झालं. पोरगा कायम होणार होता... लवू गेल्यावर कुठल्या तोंडानं सांगू?"

लोक त्याच्या अंगावर धावले. तेवढ्यात गोदूबाई बोलली आणि सगळे थांबले.

"लवूला ताप होता. पाणी पाणी करत होता. मीच पिंपातलं घडीघडी पाजत होते."

शिवलकरने चाकू मिटला. बाबूला वाटलं, हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी जिला गोदूबाईने इखवाली म्हणून शिव्या घातल्या होत्या, तीच सगुणा तिचा हात धरून बसली. "तुला कुठे ठावं होतं गो!"

हात सोडवून गोदूबाई घरी धावली. पिंप दारात ओढून तिने आडवं करायला घेतलं.

"इथे नको ओतू!" बांधलेल्या हातांनीच धोंडू मागून धावला. "झिरपून विहिरीत जाईल!"

"मग कुठे ओतू?"

धोंडूने वर पाहिलं. कारखान्याची भिंत. खाली पाहिलं. विहीर. वाडीतली माणसं आपापल्या पिंपांशी उभी राहिली. 

बाबूने धोंडूचे हात सोडले. धोंडूने पिंपाची दुसरी कड धरली, आणि गोदूबाईने व त्याने ते तसंच उभं धरून ठेवलं.