दोन डब्यांतली फुगडी

त्या रविवारी दुपारी बायजा आणि तिची लेक सोनिया यांची जुंपली ती टीव्हीच्या डब्यावरून.

जोयड्याच्या बसस्टँडवरून वर चढणाऱ्या रस्त्याला शेवटून दुसरं घर बायजाचं. केबलची तार खांबावरून फणसावर आणि फणसावरून कौलांवर अशी आलेली. वानरं तिला लोंबकळत, आणि महिन्यातून एकदा तरी ती तुटे. तरीही केबलवाल्यांनी दिलेला रेकॉर्डिंगचा काळा डबा बायजाला जिवापाड आवडे. दिवसभर परसातल्या वाफ्यांत राबायचं आणि तिन्हीसांजेला पेजेचं ताट घेऊन साठवलेल्या मालिका एकामागून एक लावायच्या, ही तिची चैन. सोनिया धारवाडला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. दर महिन्याला डब्याचं भाडं भरणं तिला पटत नसे. म्हणून या खेपेला तिनं हुबळीहून तळहातावर मावेल असा एक रेकॉर्डर आणला होता.

"छपरावर फुकटातली छत्री बसवू," ती सांगत होती. "तिच्या तीन तारा ह्यात खुपसायच्या, पेनड्राइव्ह लावायचा. भाडं नाही, काही नाही. आणि भरलेलं काढून कुठंही नेता येतं."

"एका टायमाला किती मालिका धरतो?" बायजानं कणगीच्या कंदाची साल काढता काढता विचारलं.

"एक."

"माझा दोन धरतो. आणि मी बघत असते ती तिसरीच."

"पण डबा तुझा नाही ना आई. केबलवाल्यांचा. त्यातलं एक चित्रसुद्धा तुला बाहेर काढता येत नाही."

"बाहेर काढून काय करू? वाळत घालू?" बायजानं साल टोपलीत टाकली. "आणि काल माझ्या डब्याला जोडून बघितलीस तवा तुझ्या ह्या डबीनं काय केलं? कोर्टात जज्ज तोंड उघडतोय, आणि गेलं! सुटला काय रे मग तो?"

हा प्रश्न शिडीवर चढून तार जोडणाऱ्या शिवानंदला होता. शिवानंद म्हणजे केबलवाल्यांचा गावातला माणूस.

"सुटला की काकू. पुढच्या सोमवारी परत धरतील." तो हसला. "अक्काला सांगा, आमचा डबा जरा खातो जास्त, पण काम करतो."

"तू गप रे. भाडं मागायला पहिला, आणि तार तुटली की तुझा फोन बंद."

सोनियाला हसू आलं. चॅनेलवाल्यांनी उशीर केला, तिचा रेकॉर्डर घड्याळावर चालतो, हे तिनं पुन्हा समजावलं. बायजानं ऐकून घेतलं आणि रिमोट उचलून फुगडी लावली.

ही फुगडी जानेवारीतल्या कंदांच्या मेळ्यातली. शिवानंदनं ती स्वतः चित्रित करून गावच्या चॅनेलवर दाखवली होती आणि डब्यानं धरून ठेवली होती. कंदांच्या राशींमागं बायकांच्या जोड्या. पुढं बायजा आणि शेजारची फुलाकाकी. दोघींनी खांद्यावर गाठ मारून चौकड्याची लुगडी नेसलेली. हाताला हात तिढा घालून धरलेले, पावलाला पाऊल लावलेलं, आणि दोघी मागं झुकून गरगरताहेत. तोंडानं फूऽ फूऽ. दर गिरकीला बायजाचा चेहरा समोर येई, डोळे मिटलेला, हसणारा.

"पुढच्या खेपेला ही पेनड्राइव्हवर उतरवून देते तुला," सोनिया म्हणाली.

"कशाला? हाय तिथं बरी हाय."

सोमवारी सकाळच्या बसनं सोनिया निघाली. हळियाळचा थांबा यायच्या आत फुलाकाकीचा फोन आला. बायजा परसात कणगीच्या वेलाजवळ खाली बसली होती. परत उठली नाही.

*

बारावं झालं. पाहुणे गेले. सोनियानं रजा वाढवून घेतली, पण घरात तिला एका जागी बसवेना. भांडी घासलेलीच पुन्हा घासायची, मग अर्ध्यात टाकून अंगणात यायची. पुस्तक उघडायचं, एकच ओळ वाचून मिटायचं.

शिवानंद आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"अक्का, राग मानू नका. काकूंच्या नावावरचं कनेक्शन बंद करायचं हाय. डबा परत मागितलाय. शनिवारी नेतो."

"आत जे आहे त्याचं काय होतं?"

"पुसतात आणि दुसऱ्याला देतात. आतली डिस्क काढूनही उपयोग न्हाई, त्या डब्याशिवाय ती उघडत न्हाई."

"तू काढलेलं मूळ चित्रण असेल ना?"

शिवानंदनं मान खाली घातली. "त्या कार्डावर मागनं चार लग्नं भरली की हो."

तो गेल्यावर सोनिया त्या काळ्या डब्यासमोर येऊन बसली. बायजाला फोटोचं वावडं होतं. मोबाइल समोर धरला की ती पदरानं तोंड झाकी. आधारकार्डावरचा ताठरलेला चेहरा सोडला तर आई कशी दिसे याचा पुरावा घरात नव्हता. ती हसायची कशी, वळायची कशी, तिचा आवाज कसा होता, हे सगळं या एका फुगडीत होतं. आणि शनिवारी ते पुसलं जाणार होतं.

पण हाताशी दुसरा डबा होता. सोनियानं केबलच्या डब्याच्या पिवळी, पांढरी, लाल अशा तीन तारा नव्या रेकॉर्डरमध्ये घातल्या, पेनड्राइव्ह लावला आणि फुगडी सुरू केली. रेकॉर्डरचा लाल दिवा नीट लुकलुकत होता. संपल्यावर तिनं पेनड्राइव्हवरची फुगडी लावून पाहिली.

कंदांच्या राशी आल्या. बायका आल्या. पुढं फुलाकाकी आली, हातांचा तिढा घालून, मागं झुकून, गरगरत.

तिच्यासमोर कुणी नव्हतं.

सोनियानं चित्र मागं नेलं, पुन्हा लावलं. फुलाकाकीच्या मुठी काहीतरी घट्ट धरल्यासारख्या मिटलेल्या होत्या. तिच्या समोरच्या जागेतून मागची कंदांची रास स्वच्छ दिसत होती. फू फूचा आवाज येत होता, पण एकटीचाच.

सोनिया घाबरली नाही. ती चिडली. स्वस्तातलं यंत्र, हलणारं चित्र त्याला पेलत नसेल, असं ती मोठ्यानं म्हणाली. तिनं दुसरा पेनड्राइव्ह लावला. तेच. एक मालिका उतरवून पाहिली, तर ती जशीच्या तशी आली, नायिकेच्या कानातल्या डुलासकट. शेवटी केबलच्या डब्यावर फुगडी लावून तिनं टीव्हीसमोर मोबाइल धरला. पडद्यावर आई होती. मोबाइलमध्ये नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फुलाकाकीला बोलवून घेऊन आली. आधी केबलचा डबा लावला.

"हाय की गं बायजा," फुलाकाकीनं पदर डोळ्यांना लावला. "बघ कशी हसतीया. त्या दिवशी म्हणत हुती, फुले, सोडलीस तर बघ."

मग सोनियानं पेनड्राइव्ह लावला.

फुलाकाकी पडद्याकडं सरकली. पडद्यावर ती स्वतः, एकटी, सगळं अंग मागं टाकून फिरत होती.

"हे कसं केलंस?"

"मी काही केलं नाही, काकी."

"समोरनं कुणी धरलं नसलं तर असं झुकता येत न्हाई गं बाय." फुलाकाकीचा आवाज बारीक झाला. "माझं वजन बघ. मी तवाच पाठीवर आपटले असते." तिनं आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले, मग लुगड्याला पुसले. "बंद कर ते."

चहा ठेवला होता. तो न घेताच ती गेली.

*

त्यानंतर सोनियानं उतरवणं थांबवायला हवं होतं. तिला थांबवेना. शुक्रवारच्या दुपारी ऊन कौलांच्या फटींतून खाली सांडत असताना तिनं पुन्हा तारा जोडल्या. या वेळी ती उतरवलेलं बघत नव्हती, मूळचं बघत होती. म्हणून तिच्या ते लक्षात आलं.

आईचे डोळे उघडे होते.

तिला आठवत होतं, डोळे मिटलेले होते. रविवारी दोघींनी मिळून पाहिलं तेव्हाही मिटलेलेच होते. आता दर गिरकीला बायजाचा चेहरा समोर येई आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघे. हसू तेच. चेहरा पाठमोरा होई, पुन्हा येई, आणि पुन्हा तीच नजर, जणू मधल्या वेळातही ती हललीच नव्हती.

सोनियानं टीव्ही बंद केला. परसात गेली. कणगीच्या वेलाला पाणी घातलं. आत आली. पुन्हा परसात गेली. सबंध संध्याकाळ तिनं अशीच आतबाहेर काढली. रेकॉर्डर तिनं तारांसकट काढून फडताळात ठेवला आणि कडी लावली.

शनिवारी सकाळी खालच्या वळणावर शिवानंदच्या स्कूटरचा आवाज आला. एकदा शेवटचं बघावं, म्हणून तिनं फुगडी लावली.

राशी नव्हत्या. मंडप नव्हता. मेळ्याचं मैदान मोकळं पडलं होतं. तांबड्या मातीत बायजा एकटी होती.

ती फिरत नव्हती. हातांचा तिढा पुढं करून, पावलं जुळवून ती मागं झुकलेली होती. कुणालाही तोल सावरता येणार नाही इतकी मागं. तशीच, स्थिर. खांद्यावरची लुगड्याची गाठ वाऱ्यानं तेवढी हलत होती.

ती सोनियाकडं बघत होती.

सोनिया उठली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं, आणि हेही कळत होतं की असलं काही तिनं कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर पान उलटलं असतं. तिनं टीव्हीसमोर पावलं जुळवली. हातांचा तिढा घातला. हात पुढं केले.

हात ताणले गेले.

खांद्यापर्यंत ओढ बसली. टाचा शेणानं सारवलेल्या जमिनीत रुतल्या. ती मागं झुकली, आणखी झुकली, आणि पडली नाही.

"अक्का?" शिवानंद दारात होता. "पाठ धरली काय?"

ती तशीच झुकलेली राहिली. तो क्षणभर घुटमळला. मग तिला वळसा घालून टीव्हीमागं वाकला, प्लग उपसला. पडदा काळा झाला. त्यानं डबा काखेत मारला आणि तिच्याकडं न बघता बाहेर पडला. स्कूटर चालू झाली. उतारावरून तिचा आवाज बसस्टँडकडं गेला आणि नाहीसा झाला.

काळ्या पडद्यात सोनियाला ती स्वतः दिसत होती. एकटीच.

हातांवरचं वजन कमी झालं नव्हतं.

ये की कधीतरी, असं ती आईला दर खेपेला म्हणे. दसऱ्याला ये, दोन दिवस ये. बायजा व्हय म्हणे आणि विषय बदले. धारवाडच्या तिच्या दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं, सोनियाला हवीशी वाटणारी शांतता. एक वाक्य तिच्या तोंडाशी कित्येकदा आलं होतं आणि तिनं ते गिळलं होतं. बायजा ते ऐकायला थांबली आहे, हे तिला दर वेळी दिसलंही होतं.

तळव्यांतली पकड गार आणि ओलसर होती. बोटं एकेक करून जास्त घट्ट होत गेली.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "माझ्याकडं राहायला चल. आता परत पाठवणार न्हाई मी तुला."